राजा, बिशप आणि डाग

शार्दूलचं वर्षश्राद्ध झालं, म्हणून यंदा लक्ष्मीपूजन करायचं ठरलं. त्याची आई त्यासाठी पुण्याहून परदेशी, फ्लॅट बुशच्या घरी आली होती. त्याची बायको इरावती ऑफिसमधून घरी आली, तेव्हा शार्दूलचं मध्ययुगीन चांदीचं नाणं देव्हाऱ्यात चकाकत होतं.

"अगं, एवढं कपाटात जपून ठेवलंस, पण कधी घासलं नाहीस? शेजारणीबरोबर सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात जाऊन चांदी घासायची पावडर आणली. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला बिशप, दोघांनी मिळून पाडलेलं नाणं, असं शार्दूल सांगायचा ना? बघ, आता दोघेही कसे स्वच्छ दिसतायत!"

"छान झालं, आई," म्हणत इरावतीने नाणं उचललं.



शार्दूलच्या घामाने राजाच्या चेहऱ्यावर उमटलेला अंगठ्याचा काळा ठसा पुसला गेला होता.