अकरावी सही

हंबीररावांनी कागद पुढं सरकवला. दिलदारनं तो हातातही घेतला नाही.

“माझी सही मिळायची न्हाई,” तो म्हणाला.

खोलीत बसलेले मिलच्या हॉकी संघाचे बाकीचे दहा खेळाडू खाली बघू लागले. त्यांच्या सह्या होऊन गेल्या होत्या. संघाचे मॅनेजर हंबीरराव म्हणाले, “त्या मौलाच्या छापखान्यापायी आख्ख्या लीगला टांगून ठेवतूयास व्हय?”

दिलदार उठून गेला.

दोन वर्षांपूर्वी भारतानं हॉकीचा विश्वचषक जिंकला आणि कोल्हापुरातली पोरं काठ्या घेऊन मैदानात उतरली. सोमवार पेठेतल्या मौलानं तेव्हाच आपल्या छापखान्यात लीगच्या खेळाडूंची कार्डं छापायला सुरुवात केली. पुढच्या बाजूला फोटो, मागं चार ओळी माहिती. रविवारी छापखान्याच्या दारात अदलाबदलीला झुंबड उडे. धान्याचे व्यापारी गणपतराव तर दुकान नोकरावर टाकून, अल्बम काखेत मारून पोरांच्यात येऊन उकिडवे बसत. कार्डं छापायला कुणाची परवानगी लागते, हे मौलालाही माहीत नव्हतं आणि लीगलाही.

मग पुण्याची एक बिस्कीट कंपनी आली आणि लीगनं खेळाडूंच्या चित्रांचे हक्क तिला दिले. आता कार्डं कंपनीच्या पुड्यातच निघणार आणि पार खेड्यापाड्यांतल्या दुकानांपर्यंत जाणार. मौलानं छपाई बंद करावी, फोटो छापायचे धातूचे ब्लॉक लीगकडं जमा करावेत, अशी नोटीस आली. कंपनीची अट एकच होती. विजेत्या संघाच्या, म्हणजे मिलच्या, अकराही जणांची सही हवी, सोबत फोटो आणि त्यावर ओळख पटवणारा आपापल्या गावच्या हेडमास्तरांचा शिक्का. एक जरी सही महिनाअखेर राहिली तरी करार मोडला.

दहा सह्या झाल्या. अडला तो गोलकीपर.

दिलदार नेसरीचा. तिथला एक पोरगा गोलात भिंतीसारखा उभा राहतो, एवढं ऐकून मिलनं त्याला न बघताच नोकरीवर घेतलं होतं. पहिल्या हंगामात त्याच्यावर इतके गोल झाले की लोक हंबीररावांना हसले. पण तो रोज पहाटे एकटा मैदानावर राबला आणि पुढच्या वर्षापासून खरोखरच भिंत झाला. गावाकडं तो कधी जात नसे. ईदलाही मौलाच्याच घरी जेवायचा. मौलाची बायको खैरुनबी त्याला पोटच्या पोरासारखं वाढायची.

त्यामुळं तो का अडला, हे कोल्हापुरात कुणाला विचारावं लागलं नाही. गणपतरावांनी भर पेठेत त्याच्या गळ्यात हार घातला. कंपनीचं एकही कार्ड अल्बममध्ये चिकटवणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. दिलदार मान खाली घालून उभा राहिला आणि सुटका होताच गर्दीतून निघून गेला.

हंबीरराव मात्र चिडत चालले होते. त्यांनी त्याला सरावाला घेणं बंद केलं. मिलमध्ये त्याला रात्रपाळी लावली. शेवटी कंपनीचा माणूस जीप घेऊन त्याच्या खोलीवर आला. सहीचं नंतर बघू, आधी नेसरीला जाऊन हेडमास्तरांचा शिक्का तर आणू, असं तो गोडीत म्हणाला. दिलदारनं त्याच्या तोंडावर दार लावलं आणि दिवसभर उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिलनं त्याला कळवलं की उद्या संध्याकाळपर्यंत सही झाली नाही तर नोकरी गेली.

ही बातमी मौलाला गणपतरावांनी सांगितली. तो बराच वेळ यंत्राला टेकून उभा राहिला. मग त्यानं खैरुनबीला हाक मारली. आपल्या पायी त्या पोराच्या ताटात माती पडायला नको, असं तो म्हणाला. खैरुनबीनं डोळ्याला पदर लावला, आतून रिकामं पोतं आणलं आणि दोघांनी मिळून सगळे ब्लॉक त्यात भरले.

मौलानं ते पोतं सायकलवर टाकून लीगच्या कचेरीत नेलं. तिथं आलेल्या हंबीररावांच्या समोर शिपायानं एकेक ब्लॉक हातोडीनं ठेचला. मौला शेवटपर्यंत बघत राहिला. पुन्हा कार्डं छापणार नाही, असं त्यानं लिहून दिलं आणि कोरा फॉर्म मागून घेतला.

दिलदार मैदानाच्या कडेला एकटाच बसला होता. मौलानं सायकल लावली आणि त्याच्या शेजारी टेकला.

“ब्लॉक दिऊन आलो,” तो म्हणाला. “आता माझं काय ऱ्हायलं न्हाई. तू सही कर बाबा. माझ्यापायी नोकरी घालवू नगंस.”

दिलदारचा चेहरा पांढरा पडला. “कशापायी दिलंसा, चाचा? इचारायचं तरी.”

“काय इचारायचं? तू माझ्यासाठी एवढं सोसलंस...”

“तुमच्यासाठी न्हाई.”

मौलाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. दिलदारनं इकडंतिकडं बघितलं. मैदानात कुणी नव्हतं. तरी त्याचा आवाज अगदी खाली गेला.

“गावच्या मास्तरांम्होरं कंचा फोटू नेऊ? मिलनं बोलावलं हुतं ते माझ्या थोरल्या भावाला. दिलदारला मी ह्या हातानं माती दिलीया, चाचा.”