केशरबाईचा गळा

तिरडी बांधून झाली, कंट्रोलच्या दुकानातून रेशनवर मयताचं कापड आलं, तरी अंगणात रडण्याचा आवाज नव्हता.

तिसगावात असं कधी झालं नव्हतं. मयत कुणाचंही असो, केशरबाई येऊन बसायची, हेल काढायची आणि गेलेल्याचं सगळं आयुष्य रडता रडता सांगायची. कवडीचुंबक माणसालाही ती दानशूर करूनच वाटेला लावी. आज तीच अंगणात आडवी झाली होती, आणि तिच्यासाठी गळा कुणी काढायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून सुनेकडं बघत होत्या.

सून बनुबाई खांबाला टेकून बसली होती. दोन वर्षं सासू-सुनेचं बोलणं नव्हतं.

"बोल की कायतरी," तिचा नवरा भिमाजी खालच्या आवाजात म्हणाला. "साऱ्या गावासाठी रडली माजी आय. तिला अशी मुकी न्यायची का?"

"मला खोटं बोलाया येत न्हाई."

"मग खरं बोल," शेजारची म्हातारी छबूबाई म्हणाली.

बनुबाई सरकत सासूच्या पायाशी आली. आधी आवाज चिरकला, मग हेल लागला.

"आत्याबाई, पहिल्या दिवाळीला तुमी मला माहेरी धाडलं न्हाई. माज्या भाकरीला गावभर नावं ठिवली. बाळंतपनात मातुर उशाशी बसून ऱ्हायल्या, डोळ्याला डोळा लावला न्हाई."

बायका चपापल्या. मयताला असं कुणी बोलतं का? पण तिला अडवलं कुणीच नाही.

"पटकीनं माजं लेकरू नेलं, आत्याबाई. साऱ्या गावासाठी रडला तुमी. माज्या गोरक्षासाठी तोंड उघडलं न्हाई. येक सबूद न्हाई."

हेल तुटला. दोन वर्षं पोटात धरलेलं दुखणं ते एवढंच होतं, आणि जिला ते सांगायचं, तिला आता ऐकू जाणार नव्हतं.

छबूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उघडलं हुतं, बने. मी शेजारीच बसले हुते तिच्या. लई डाव उघडलं. आवाजच निघंना."

बनुबाईनं सासूच्या मिटलेल्या ओठांवर हात ठेवला आणि हंबरडा फोडला. त्यात शब्द एकही नव्हता.