अकरावं वळण

"अहो, घंटी कशाला बडवताय? रस्त्यावर चिटपाखरू नाही!" मागून बायको ओरडली.

"वळण आहे," निवृत्त ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि वळण संपेपर्यंत त्यांनी घंटीवरचा अंगठा काढला नाही.

लेकीच्या आणि जावयाच्या गिअरच्या सायकली मागून आणून दोघं घाट चढत होती. थंडी अंगाला गोड लागेल इतपतच, दुपारचं ऊन हवंहवंसं, आणि ड्रायव्हरसाहेबांचा सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नव्हता.

याच घाटातून त्यांनी एकतीस वर्षं बस नेली होती. गाडी अकराव्या वळणावर आली की पाठीमागे एकच गलका उठायचा. "ते बघ, ते बघ!" चाळीस माणसं दरीकडच्या खिडक्यांना चिकटायची, गाडी किंचित कलायची, आणि ते स्टिअरिंग तेवढंच सावरून घ्यायचे. तिथे काहीतरी बघण्यासारखं आहे हे त्यांच्या हातांना कळायचं. डोळ्यांना कधीच नाही. आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा घाटात कोण कडमडणार?

आज ते बघायचं होतं. कठड्याला टेकून नाही, चालत्या गाडीतून, पॅसेंजरसारखं.

नववं वळण गेलं. दहावं गेलं. मांड्या भरून आल्या, छातीचा भाता झाला, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. अकरावं आलं. अंगठा घंटीवर गेला, नजर वळणाच्या टोकावर रोखली गेली, सायकल बेताने वळली. वळण अगदी सुरेख निघालं.

"अहो! गेलं ना!"

ड्रायव्हरसाहेब कचकन थांबले. मागे पाहतात तर मधे डोंगराची सोंड आलेली. बायको सायकलवरून उतरून पोट धरून हसत होती.

"सवय गं," ते ओशाळून म्हणाले.

"चला, चालत जाऊन बघू. वीस पावलं तर आहेत."

"छे! पुन्हा चढायचं."

एवढा घाम गाळून मिळवलेला चढ उतरून दोघं थेट दहाव्या वळणाखाली गेली. उतरतानाही त्यांनी नजर रस्त्यावरच ठेवली, या वेळी मुद्दाम. सायकली वळवल्या.

"घंटीला हात लावायचा नाही," बायकोने दम भरला. "डोळे दरीकडे. रस्ता मी सांगते."

"तू?"

"तुमच्या भरवशावर चाळीस माणसं बसायचीच ना? आज तुम्ही माझ्या भरवशावर बसा."

वळण आलं. त्यांची मान लाकडासारखी ताठ झाली.

"फिरवा मान! सरळ... सरळच आहात... फिरवा की!"

मान फिरली.

खाली तळं पसरलं होतं. समोरचा डोंगर अख्खाच्या अख्खा त्यात उलटा उतरला होता. मधल्या बेटावर एकच पांढरं घर होतं, आणि तिथून निघालेली होडी पाण्यावर रेघ ओढत चालली होती. ड्रायव्हरसाहेबांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही. इतका आनंद त्यांना पहिल्यांदा बस हातात आली त्या दिवशीही झाला नव्हता. पायडल चालू होतं, सायकल मात्र झिंगल्यासारखी रस्त्याच्या मधोमध सरकत होती.

वरून भोंगा वाजला. बस उतरत होती.

"डावीकडे घ्या! अजून डावीकडे!" बायको किंचाळली. त्यांनी न बघता हँडल डावीकडे घेतलं.

बस शेजारून अगदी सावकाश निघाली. तरुण ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आजोबा, समोर बघा, समोर!"

ड्रायव्हरसाहेबांनी मान तसूभरही हलवली नाही.

"समोरचं तू बघ रे बाळा!" ते घाट दुमदुमेल असे ओरडले. "माझं बघून झालंय!"