पाखराच्या पोटातला हात

कापडी पाखराच्या पोटात साखराबाईचा हात आज चुकत होता. वयाचं काही नव्हतं. कारण पडद्यामागं तिच्या उजव्या अंगाला उभं होतं, हातात इराणच्या राजाची बाहुली चढवून.

अर्जुनराव. वनमालाचा बाप.

राजा नाचवायचा तो सुरज मोटारसायकलवरून पडला आणि हात गळ्यात बांधून बसला. लिंबागणेशच्या शाळेतला बाहुल्यांचा खेळ तर ठरलेला. मग वनमालानं काय करावं? ज्या बापाशी जन्मात धड दोन शब्द बोलली नव्हती, त्याला सरळ फोन लावला. "भारुडात तुमचा आवाज लई मोटा हाय म्हणत्यात. राजा व्हता का?" गडी आला की लगेच. साखराबाईला पत्ता लागला तेव्हा तो जीपमधून उतरून चहा पीत होता.

तेव्हापासून बाई धास्तावलेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं.

तिची बहीण वनमालाच्या बाळंतपणात गेली. अर्जुनरावाच्या आईनं पोरीला पांढऱ्या पायाची ठरवलं आणि तेलगावला आणून मावशीच्या ओटीत टाकलं. अर्जुनराव मान खाली घालून बघत राहिला. इथवर चूक त्याची. पण पोर पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा तो तिला न्यायला आला होता. काखेत नवा झगा, दारात उभा. साखराबाईला मूलबाळ नव्हतं. ही पोर हाच तिचा संसार. तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "पोर तुमचं नाव काढलं तरी भ्येती. आल्या वाटंनं जावा." पुढच्या दिवाळीला पुन्हा आला, पुन्हा तेच ऐकून गेला. मग यायचाच थांबला. आणि कधी बापाचा विषय निघाला की साखराबाई वनमालाला म्हणायची, "तुजा बाप फिरकला बी न्हाई गं." एकदा बोललेलं खोटं नंतर रोज सांभाळावं लागतं, तसं तिनं ते सांभाळलं.

आज ही दोघं चार शब्द बोलली की सगळं उघडं पडणार होतं आणि पोर हातची जाणार होती. म्हणून सकाळपासून ती दोघांच्या मधे मधे करत होती. वने, दोरी धर. वने, पाणी दे. पडद्यामागंही मधली जागा तिनंच धरली.

त्यात गोष्टही मेली नेमकी तीच. वनमाला कुठल्याशा शिबिरातून ही इराणातली जुनी कथा शिकून आली होती. राजाला पांढऱ्या केसांचं बाळ होतं. लोक काय म्हणतील म्हणून तो ते डोंगरावर नेऊन टाकतो. एक भलंमोठं पाखरू बाळाला उचलतं, पंखाखाली वाढवतं. कागदाच्या लगद्याचे चेहरे वनमालानं घडवले होते, आणि पाखराच्या पंखांना साखराबाईच्या इरकली लुगड्याचे काठ लावले होते. शेवटी राजा रडत डोंगर चढतो आणि पाखरू पोराला त्याच्या हवाली करतं. ते हवाली करताना साखराबाईचा हात एरवीही जड व्हायचा. आज तर उचलेनाच. तरी तिनं तो उचलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खेळ संपला तरी बाहुल्या लगेच पेटीत जात नसत. पोरांनी त्यांना काहीही विचारायचं, आणि ज्याच्या हातात बाहुली त्यानं उत्तर द्यायचं. वनमालाचा कायदा एकच होता, बाहुलीनं थाप मारायची नाही.

"पाखरू काय खातंय?" एकानं विचारलं.

"भाकर आन् ठेचा," साखराबाई म्हणाली. पोरं खदखदून हसली.

मग लाल रिबिनी बांधलेली एक पोरगी उभी राहिली. "राजा, तू इतकी वर्सं कावून आला न्हाईस?"

साखराबाईनं ओळखलं, आता हा सांगणार. सांगावंच त्यानं, हक्कच होता त्याचा.

"वाट घावली न्हाई, बाळा," अर्जुनरावाचा मोठा आवाज बारीक झाला होता. "चूक माजीच."

साखराबाईला भडभडून आलं. ह्या माणसाला आपण दारातून हाकललं, आणि हा आपली अब्रू झाकतोय. आता गप्प बसलं तर सगळं निभावतंय, हे तिला कळत होतं. पण तिचं पाखरू पुढं सरकलंच.

"राजा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "आलता त्यो. दोनदा आलता. मीच त्येला परत लावलं. लेकरू माज्यापसून जाईल म्हून."

राजाच्या बाहुलीनं हळूच आपला हात पाखराच्या पंखावर ठेवला. डावीकडं, वनमालाकडं बघायची साखराबाईला हिंमत होईना. तिनं डोळे मिटून घेतले.

रिबिनवाली काही सोडायला तयार नव्हती. "आन् तू रं? तुला पाखराचा राग आला का?"

पांढऱ्या केसांची बाहुली पाखराकडं वळली. मग वनमालाचा आवाज आला, आणि तो काही बाहुलीचा आवाज नव्हता.

"राग कशाचा? राजा दोन्ही येळी आला तवा मी माळवदावर दडून बसले व्हते, पाखरानं न्हाई म्हणावं म्हून देवाला हात जोडून."