चादरीवरचा मोर
रुद्रप्पांनी चादरीच्या डिझाइनमध्ये काढलेला मोर दुसऱ्या दिवशी फाइलमधून गायब असायचा. त्याच फाइलवर घरून काम करणाऱ्या सुनेनं, चंद्रिकानं, काढलेले कलशही टिकत नव्हते. कोण पुसतंय, हे दोघांनीही मनात ठरवून टाकलं. तीन महिने बोलणं बंद. घर वेगळं करायची भाषा निघाली. आज दोघांचे कॉम्प्युटर जोडणाऱ्या अ‍ॅपचं नवं व्हर्जन आलं. सोबतची दुरुस्त्यांची यादी चंद्रिकानं दोनदा वाचली आणि लॅपटॉप उचलून तडक कारखान्यात सासऱ्यांकडे गेली. "मामा, हितं लिहिलंय, दोघांनी एकाच वेळी तीच फाइल बदलली की एकाचं काम आपोआप पुसलं जायचं. ती चूक दुरुस्त केली." "म्हंजे मोर तू पुसत न्हवतीस?" "मला वाटायचं, कलश तुमीच पुसताय." रुद्रप्पांनी ती ओळ स्वतः वाचली. "मग तीन म्हैने मी हातानं चहा करून पितोय, ते कुणावर रुसून?"