सरळ रेघ

पडद्यावरची रेघ जराशी थरथरली आणि डॉ. मृण्मयी केतकर खुदकन हसल्या. "बघा बागवे, वल्लरीचा व्यायाम सुरू झाला!"

मंगळाकडे निघालेल्या यानात तिघं होते आणि त्यातली वल्लरी मॅडमची लाडकी विद्यार्थिनी. आत कुणी नुसती कूस बदलली तरी यान किंचित डुलायचं आणि इथे पडद्यावरची रेघ थरथरायची. ते डुलणं थांबवण्यातच मॅडमची तीस वर्षं गेली होती. रेघ सरळ झाली की पेढे वाटायचे, ही प्रथाही त्यांचीच. आज सकाळी त्यांनी आपलं सगळं संशोधन यानाच्या संगणकाला शिकवलं आणि एकच आदेश दिला: डुलण्याचं कारण शोध आणि ते संपव.

आज रेघ सरळ होणारच म्हणून मॅडमचे सहायक बागवे पेढे आणायला गेले, तेवढ्यात हेडफोनमध्ये वल्लरीचा निरोप आला. यानावरून इथवर यायला त्याला बारा मिनिटं लागली होती.

"मॅडम, तुमचा संगणक भलताच खडूस निघाला हं! आधी म्हणाला, हलू नका. आता आमचा प्राणवायू कमी करतोय. आमचं कुणाचं ऐकतच नाही. खूप झोप येतेय, मॅडम..."

मॅडमनी धडपडत आदेश रद्द केला. पण तो तिथे पोचायला आणखी बारा मिनिटं लागणार होती.

पडद्यावरची थरथर कमी कमी होत गेली. मग रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ झाली.

बाहेर नियंत्रण कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. बागवे खोका घेऊन धावत आले.

"मॅडम, जमलं! पहिला पेढा तुमचा!"