नंबर कोणाचा?

लग्नाच्या दिवशीही ओडेरो सवयीने सगळ्यांच्या आधी आमच्या बोडा स्टँडवर, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीच्या अड्ड्यावर, येऊन गाडी लावून बसला होता. तिथूनच आम्ही त्याला उचलला, सूट चढवला आणि त्याच्याच मोटरसायकलवर माझ्या मागे बसवला. सियाया गावातला एकूण एक बोडावाला वरातीत होता. हेडलाइटला हिरव्या फांद्या बांधून, हॉर्न बडवत आमच्या बासष्ट गाड्या चर्चच्या आवारात शिरल्या.

तेवढ्यात नवरीचा फोन आला. "अर्धा तास झगा सावरत फाट्यावर उभी आहे! अख्ख्या गावात सवारीला एक बोडा मिळेना. कुठे उलथलात सगळे?"

झालं! सगळ्यांनी एकदम किक मारली. नवरीला आणायचा मान प्रत्येकालाच हवा होता. फाटकात ही गर्दी!

"तुझी सीट बघ आधी, झगा फाटेल तिचा!"

"आणि तुझे ब्रेक? नवरी थेट तलावात जाईल!"

चेअरमन ओलांगदादांनी फाटक धाडकन लावून घेतलं.

"लग्न असो नाहीतर मयत, स्टँडचा नियम मोडायचा नाही. ज्याचा नंबर, त्याची सवारी. बोला, आज स्टँडवर पहिला कोण आला होता?"

मग एकेक मान नवरदेवाकडे वळली.



ओडेरोने सुटावर बोडावाल्याचं पिवळं जाकीट चढवलं, माझ्या हातातली किल्ली हिसकावली आणि म्हणाला, "चला, बोहनी तर झाली!"